मॅग्नेशियमची चार चाकं

दोन वेगवेगळ्या सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी बातमी पानावर सोडत नाही. रोजच्या दैनिकात आयुष्य गेलं, पण ‘नजरचुकीने’ या शब्दाने सुरू होणारा खुलासा माझ्या पानावर कधी छापावा लागलेला नाही. पूल पडो नाहीतर मंत्री पडो, एक सूत्र म्हणजे अफवा आणि दोन सूत्रं म्हणजे बातमी. त्यामुळे सासऱ्यांच्या मोटारीची चाकं नक्की कोणत्या धातूची आहेत हे शोधायचा प्रश्न घरात निघाला, तेव्हा मी हातातला कप टेबलावर ठेवून म्हणालो, “ते माझ्यावर सोडा.”

बायकोने तो कप उचलून बशीत ठेवला आणि एवढंच म्हणाली, “झालं.”

मोटार म्हणजे दोनच माणसांची, बुटकी, लाल, उघड्या टपाची. शर्यतीत पळायला जन्माला आलेली आणि आमच्या गॅरेजमध्ये संसाराला लागलेली. सासऱ्यांनी ती लग्नाच्या आधी घेतली. दोघं बरोबरीनेच म्हातारे झाले. फरक एवढाच, की तिचे सुटे भाग मिळेनासे झालेत आणि सासऱ्यांचे अजून मिळतात. नुकतंच ते डोळ्यात नवीन भिंग बसवून आले. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि सासऱ्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून तळ्याच्या रस्त्याने पहिली फेरी मारायची. लग्नाआधी ते त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले होते तोच रस्ता, तीच गाडी आणि अर्थात तीच चाकं.

या चाकांबद्दल सांगितलं पाहिजे. घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला सासरे ते सांगतातच. मी मागणी घालायला आलो, तेव्हा माझा पगार विचारायच्या आधी त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं होतं. चाकावर टिचकी मारून म्हणाले, “मॅग्नेशियम. साधं अॅल्युमिनियम नव्हे. शर्यतीच्या गाड्यांना असतं ते.” सासूबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी कौतुकाने मान हलवली. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मान हलवल्यावर माझ्या मनात शंका येण्याचं कारणच नव्हतं.

गाडीला नवा रंग झाला, नव्या सीट झाल्या, राहिली चाकं. त्यांच्यावरचा लॅकर उन्हाने सोलवटलेल्या नाकासारखा दिसत होता. मी चाकं नव्यासारखी करून देणाऱ्या मिस्तरीकडे गेलो. एकटाच गेलो. गर्दीत चौकशी नीट होत नाही.

मिस्तरीकडे दोन टाक्या होत्या. निळी अॅसिडची, पिवळी उकळत्या कॉस्टिक सोड्याची. चाक टाकीत बुडवलं की जुना थर उतरतो. अॅल्युमिनियम असेल तर निळी, मॅग्नेशियम असेल तर पिवळी.

“आणि उलट झालं तर?” मी विचारलं.

मिस्तरीने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला काहीतरी टांगलेलं होतं. चहात विसरलेलं बिस्कीट चिमट्याने वर काढून वाळवलं तर जसं दिसेल, तसं.

“हे चाक होतं,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक म्हणालं होतं, खात्रीने मॅग्नेशियम आहे. तेव्हापासून मी धातूच्या भानगडीत पडत नाही साहेब. तुम्ही सांगायचं, मी बुडवायचं. बिघडलं तर तुम्ही रडायचं, मी ऐकायचं.”

सासऱ्यांची चाकं आता कुठेच मिळत नाहीत. बनवणारा कारखानाच राहिलेला नाही. ही चार बिस्किटं झाली, तर मोटार विटांवर उभी राहणार आणि सासरे तिच्यात बसून गॅरेजच्या भिंतीकडे बघणार. हे चित्र डोळ्यांपुढे घेऊन मी घरी आलो आणि चौकशी सुरू केली. टाक्यांबद्दल मात्र घरी कुणाला काही बोललो नाही. अर्धवट माहिती पुरवायची नाही, हा माझा नियमच आहे.

पहिली चाचणी वजनाची. मॅग्नेशियम हलकं असतं. टायर काढलेलं चाक छातीशी धरून मी न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिलो, आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा केलं. उत्तर असं आलं, की चाक बहुधा बिडाचं असावं. सगळे आधी चाकाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. वजा केलेलं वजन कधीचं आहे, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, सरकारी कागदपत्रांत आहे तेच. ती म्हणाली, ते कागद आपल्या लग्नाआधीचे आहेत. काटा बिघडलेला आहे असा निष्कर्ष काढून मी ती चाचणी रद्द केली.

दुसरी चाचणी आमच्या विज्ञानाच्या पानावरच्या सहकाऱ्याने सांगितली. चाकाच्या पाठीमागे नाण्याएवढी जागा कानशीने घासायची, कोरा धातू दिसला की त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. मॅग्नेशियम असेल तर फसफसतं, अॅल्युमिनियम ढिम्म राहतं. मी संध्याकाळी चारही चाकं घासून ठेवली आणि सकाळी सगळ्यांसमक्ष चाचणी होईल असं जेवताना सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, एवढी काय गरज आहे, आपल्याला ठाऊकच आहे की. मी म्हटलं, बाबा, ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. त्यावर ते ताटाकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, चाकं फार मळली आहेत, मी जरा फडकं मारून ठेवते.

सकाळी गॅरेजमध्ये चार चाकं ओळीने मांडली. घासलेल्या जागांवर रात्रीतून पांढुरकी साय धरली होती. मॅग्नेशियम लवकर पांढरं पडतं, हे सहकाऱ्याने सांगितलंच होतं, म्हणून मी त्याची मनाशी अनुकूल नोंद घेतली. ड्रॉपरने पहिला थेंब टाकला. चाक फसफसलं. दुसरं फसफसलं. तिसरं आणि चौथं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखं फसफसलं.

“मॅग्नेशियम!” मी म्हणालो.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. आनंदाने शब्द सुचेनासे होतात, असं मी कितीतरी वेळा छापलं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होतो. ते जवळच्या टायरवर बसले. तोंड उघडं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, “जावईबापू, पुन्हा टाका बरं एक थेंब.” टाकला. पुन्हा थोडं फसफसलं. त्यांनी नवीन भिंगाचा डोळा चाकाला जवळजवळ टेकवला. सासूबाई दाराशी उभ्या राहून मंद हसत होत्या.

हे झालं एक सूत्र. दुसरं हवं होतं. मी ऑफिसला जाता जाता बायकोला जिन्यातूनच ओरडून निकाल सांगितला होता, कारण ती वरच्या मजल्यावर केस पुसत होती. त्या ओरडण्याला महत्त्व आहे. पण ते मला नंतर कळलं.

दुपारी मी मिस्तरीला फोन केला. काही न सांगता, वजनदार आवाजात, नुसतं विचारलं, की आमच्या चाकांबद्दल त्याचा काय अंदाज आहे. तो ताबडतोब म्हणाला, “मॅग्नेशियम. पक्कं.”

जो माणूस धातूच्या भानगडीत पडत नाही, तो आपणहून पक्कं म्हणतो. यापेक्षा मोठा दुजोरा कोणता? मी त्याला सांगितलं, टेम्पो पाठवतो, पिवळी टाकी.

इकडे इमारतीत वेगळंच सुरू झालं होतं. आमच्या शेजारी अग्निशामक दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. सगळे त्यांना बंबवाले म्हणतात. निवृत्तीनंतर एकही आग न लागल्यामुळे ते जरा खचले होते. मॅग्नेशियम पेटतं, पेटलं की विझत नाही आणि पाणी मारलं तर जास्तच भडकतं, एवढं त्यांना माहीत होतं. मी संध्याकाळी घरी आलो, तर गॅरेजपुढे वाळूच्या बादल्या, जिन्यात ‘काडी ओढू नये’ अशी पाटी आणि आसपासच्या सगळ्या गाड्या रस्त्यापलीकडे. तळमजल्यावरच्या बाईंनी गॅस बंद करून थंड जेवण केलं होतं. मी बंबवाल्यांना म्हणालो, काका, चाकं केव्हाच टेम्पोने गेली. ते म्हणाले, “कण राहतात.” आणि वाळूच्या बादलीवर हात ठेवून पुन्हा खुर्चीत बसले. इतकं टवटवीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. सगळी माहिती हाती आलेली असल्यामुळे आता मी टाक्यांची गोष्ट सविस्तर सांगायला घेतली. निळी, पिवळी, भिंतीवरचं बिस्कीट, सगळं. “म्हणून म्हटलं, आधी धातू ओळखा,” मी म्हणालो. “समजा, आपण गाफील राहिलो असतो, चाकं अॅल्युमिनियमची असती आणि कॉस्टिकमध्ये गेली असती, तर आज जेवण झाल्यावर मिस्तरी ती बुडवणार होता आणि चहापर्यंत त्यांची चाळणी झाली असती.”

सासऱ्यांना ठसका लागला. सासूबाईंच्या हातातला डाव भांड्यात पडला.

ठसका ओसरल्यावर सासरे उठले. म्हणाले, चष्मा ग्रंथालयात राहिला, घेऊन येतो. बायको म्हणाली, बाबा, भिंग बसवल्यापासून तुम्हाला चष्मा नाही. ते म्हणाले, “तोच परत करायचा आहे,” आणि अर्धं ताट टाकून गेले.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि शाळेत मुलाला कोपऱ्यात घेतात तसं मला फ्रिजपाशी घेतलं.

“कॉस्टिक म्हणालात ना?”

“हो आई.”

“चाकं अॅल्युमिनियमची आहेत.”

मी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं, की आपल्याकडे दोन सूत्रांचा दुजोरा आहे आणि चारही चाकं सगळ्यांसमोर फसफसली आहेत.

“फसफसणारच. मी आदल्या रात्री त्यांना खायच्या सोड्याचं पाणी लावलं होतं. व्हिनेगर आणि सोडा. सहावीच्या मुलांना दाखवतो आम्ही.”

मी फ्रिजला टेकलो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तळ्याच्या पहिल्या फेरीत सासऱ्यांनी त्यांना मॅग्नेशियमची चाकं दाखवली. रसायनशास्त्राच्या बाई त्या, त्यांना राहवलं नाही. पुढच्या वेळी त्या पर्समधून व्हिनेगरची छोटी बाटली घेऊन गेल्या, सासरे लिमलेटच्या गोळ्या आणायला गेल्यावर चाकावरच्या एका ओरखड्यावर थेंब टाकला. चाक ढिम्म.

“आणि तरी तुम्ही लग्न केलंत?”

“मला चाकाशी करायचं नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “इतकं छान सांगायचे ते. मी कशाला बोलू? मग स्टाफरूममध्ये मीच सगळ्यांना सांगत सुटले, ह्यांच्या गाडीला मॅग्नेशियमची चाकं आहेत म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर परीक्षा घ्यायला निघालात, तेव्हा त्यांचा चेहरा पाहिलात ना? मला वाटलं, मिस्तरी नुसता घासूनपुसून रंग देणार. कॉस्टिकचं आधी बोलला असतात तर?” त्यांनी माझा दंड धरला. “चाकं वाचवा. आणि ह्यांना कळता कामा नये. शब्द द्या.”

मी शब्द दिला आणि मिस्तरीला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. बायकोने स्कूटरची किल्ली माझ्या अंगावर फेकली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण माझा चेहरा बघून किल्ली फेकायची तिला सवय आहे.

वाटेत बंबवाल्यांच्या बादल्या होत्या. एक मी उडवली. वाळूवरून स्कूटर घसरत, फाटकाला खांदा लावून, शेवटी रस्त्याला लागलो.

वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा पिवळ्या टाकीतून वाफ निघत होती. टाकीवरच्या साखळीला आमची चार चाकं घोसाने लटकत होती. मिस्तरी एका हाताने साखळीचा खटका आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभा होता. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखे, माझे सासरे उभे होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही इकडे कसे?”

“सहज. तुम्ही?”

“सहज.”

“ग्रंथालय बंद होतं,” सासरे म्हणाले.

“हो, आज सुट्टी आहे,” मी म्हणालो.

मिस्तरी वैतागून म्हणाला, की हे बाबा आल्यापासून साखळी सोडत नाहीत आणि का ते सांगतही नाहीत. इकडे फोनवर कुणी बंबवाले आहेत, ते वर्कशॉपमध्ये वाळू कुठे ठेवायची ते सांगतायत आणि थांबायला तयार नाहीत. काल सकाळीही यांचाच फोन होता, नंबर तुमच्या घरून घेतलेला. “त्यांनीच तर सांगितलं, चाकं मॅग्नेशियमची आहेत म्हणून.”

मी विचारलं, “त्यांना कुणी सांगितलं?”

मिस्तरीने फोनमध्ये विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते म्हणतात, पेपरातल्या एका खात्रीच्या माणसाला जिन्यात ओरडताना ऐकलं.”

म्हणजे माझं पहिलं सूत्र सोडा होता आणि दुसरं सूत्र मी होतो.

“शेवटचं विचारतो,” मिस्तरी म्हणाला. “निळी की पिवळी?”

“निळी,” मी म्हणालो.

“निळी,” सासरे त्याच क्षणी म्हणाले.

वर्कशॉपमध्ये फक्त टाकीची रटरट ऐकू येत होती. आणि फोनमधून बारीक आवाजात बंबवाले.

मिस्तरीने साखळी निळ्या टाकीकडे वळवली. चाकं सावकाश आत गेली आणि काहीही झालं नाही. सासऱ्यांनी साखळी सोडली, तळहात पँटला पुसले आणि मला बाहेर घेऊन गेले. बाहेर जुन्या टायरांची उतरंड होती. तिच्यावर आम्ही बसलो.

“मला लग्नानंतर वर्षभरात कळलं,” ते म्हणाले. “चाक फुटपाथला घासलं, टवका उडाला. ओळखीच्या कारागिराने बघून सांगितलं, साधं अॅल्युमिनियम. घरी येऊन तिला सांगणारच होतो. तर ती दारातच म्हणाली, आज शाळेत मुख्याध्यापिकांनासुद्धा सांगितलं तुमच्या मॅग्नेशियमचं. आता काय करता? तिची शाळेत किती शोभा झाली असती. रसायनशास्त्राची बाई, आणि नवऱ्याने फसवलं.” त्यांनी टायरवर टिचकी मारली. “काल फसफसलं तेव्हा मात्र मी हादरलो. म्हटलं, इतकी वर्षं मी उगाच खोटं बोलतोय असं समजून खरं बोलत होतो की काय. दुपारी एकट्याने पुन्हा थेंब टाकून पाहिला. काही नाही. तुमच्या ड्रॉपरमध्येच काहीतरी घोळ असणार.”

“असणार,” मी म्हणालो.

“तिला कळता कामा नये. तुम्हाला सांगायला भीतीच वाटते, तुम्ही पेपरातले. तुमच्या पोटात काही राहत नाही.”

मी दुसऱ्यांदा शब्द दिला. मग त्यांच्या डोळ्यात शंका आली. “पण तुम्हाला कसं कळलं निळी म्हणून? तुमचं तर सिद्ध झालं होतं.”

सूत्राचं नाव उघड करण्यापेक्षा पत्रकार तुरुंगात जातो, असं मी नव्या लोकांना नेहमी शिकवतो. तुरुंग परवडला असता.

“वजनावरून,” मी म्हणालो. “मी हिशेब पुन्हा केला. काटा बरोबर होता. माझं वजन मी कमी धरलं होतं. खरं धरलं, तर चाक बरोबर अॅल्युमिनियमचं निघतं.”

सासऱ्यांनी नव्या भिंगातून माझ्या पोटाकडे पाहिलं, मनातल्या मनात बेरीज केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एवढं?”

“एवढं.”

“कुणाला बोलणार नाही,” ते म्हणाले.

रविवारी मोटार गॅरेजमधून बाहेर आली. चाकं अशी चमकत होती, की त्यांच्यात बघून भांग पाडावा. सासरे टोपी घालून चाकाशी, म्हणजे हातातल्या चाकाशी, बसले. सासूबाईंनी केसांना रुमाल बांधला होता. फाटकापाशी बंबवाले बादली घेऊन उभे होते. त्यांनी आदराने एक पाऊल मागे घेत विचारलं, “मॅग्नेशियम ना?”

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. त्यांना बोलायला वेळ लागतोय हे बघून सासूबाईच म्हणाल्या, “शर्यतीच्या गाड्यांना असतं ते. साधं अॅल्युमिनियम नव्हे.”

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मागे उभ्या असलेल्या बायकोने माझी बाही ओढली. मग गिअर पडला, मोटार खाकरली आणि दोघं तळ्याच्या रस्त्याला लागली.

मी फाटकात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा एका बातमीला दोन स्वतंत्र, खात्रीची, एकमेकांना अजिबात न भेटलेली सूत्रं माझ्या हातात होती. आणि ती दोन्ही सूत्रं एकाच मोटारीत बसून चालली होती. ती बातमी मी इतके दिवस पोटात ठेवली. आज इथे लिहितोय ते अशासाठी, की सासरे आमच्या स्पर्धकांचं दैनिक वाचतात आणि सासूबाई आमच्यातलं फक्त शब्दकोडं सोडवतात. शिवाय पोटात आता तितकीशी जागा राहिलेली नाही.

तळ्यावरून दोघं अंधार पडायच्या आत परत आली, लिमलेटच्या गोळ्या चघळत. जेवायला बसलो. सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, माझ्या ताटाशी आल्या आणि निम्म्यातच हात आखडला. मी वर पाहिलं.

“हे वाटेत सांगत होते,” त्या मायेने म्हणाल्या. “एवढं?”

समोर सासरे ताटात मान खाली घालून जेवत होते.